आमच्या साडूंचं डॅझलिंग

आमच्या भोर-वेल्ह्यात माणूस नुसता मेल्याने मरत नाही. त्याचा दहावा व्हावा लागतो, दहाव्याला माईक लागावा लागतो, आणि त्या माईकवर माझे थोरले साडू दोन शब्द बोलून खाली बसले, की मग गाव मान्य करतं, गेला बिचारा. ह्यात अतिशयोक्ती असलीच तर रुपयात चार आण्याची. मी हे अधिकाराने सांगतोय, कारण तो माईक माझा असतो. कामथडीला माझा मंडप-स्पीकरचा धंदा आहे. लग्नसराई चार महिन्यांची आणि मरण बारमाही, त्यामुळे आमच्या घरातली चूल खरी पेटते ती दहाव्यांवर. नदीकाठी दोन कर्णे बांधायचे, खुर्च्या टाकायच्या, आणि मशिनीच्या मागे बसून कुणाचा आवाज किती चढवायचा आणि कुणाचा हळूच उतरवायचा एवढं बघायचं. अशा शेकडो श्रद्धांजल्या ह्या कानांनी ऐकल्या. मेलेला प्रत्येक माणूस हसतमुख, मनमिळाऊ आणि परोपकारी होता, असं त्यातून निघतं. मग जिवंतपणी आपल्या तालुक्याला एवढी भांडणं कोण करतं, हे मला अजून कळलेलं नाही.

थोरले साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे, यजमान. राहणार पासली, वेल्ह्याच्या पुढे डोंगरात, जिथे भाताशिवाय दुसरं काही येत नाही आणि मुक्कामी गाडीशिवाय दुसरं काही जात नाही. ती गाडी साडूंनीच चालवली. एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर. त्या एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एक कोंबडी गेली, आणि तीही स्वतःच्या चुकीने. तरी साडू दुसऱ्या दिवशी त्या घरी जाऊन खाली मान घालून अर्धा तास बसून आले. घरच्या म्हातारीने चहा दिला तेव्हा म्हणाले, "चा नको. आज नको." असा माणूस.

साडू सातवीपर्यंत शिकले. 'स्टॉप', 'रिव्हर्स', 'ब्रेकडाऊन' हे शब्द ते दिवसभर वापरत, पण ते इंग्रजी आहेत हे त्यांना कबूल नव्हतं. "ह्ये आपलंच शबुद हायती पावनं, आमच्या आगारात सगळीच बोलत्यात." इंग्रजी म्हणून त्यांनी जन्मभर एकच शब्द पदरी बाळगला, तो म्हणजे डॅझलिंग. नोकरीला लागताना जे ट्रेनिंग झालं, त्यात भिंतीवर एक तक्ता होता आणि शिकवणाऱ्या साहेबांनी तो शब्द दोनदा म्हणून दाखवला होता. साडूंनी तो लाल पुठ्ठ्याच्या छोट्या वहीत उतरवून घेतला, आणि ती वही आजही त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असते. घामाने कडा गेल्यात, पण मजकूर वाचता येतो. मला पाठ आहे: 'डॅझलिंग म्हणजे डोळ्यास सोसत नाही इतका उजेड. त्यात समोरचे काही दिसत नाही. उपाय: उजेडाकडे बघू नये. वेग कमी करावा. रस्त्याच्या डाव्या कडेकडे बघावे व कडेच्या धोरणाने गाडी काढावी.'

एवढाच शब्द, एवढाच अर्थ, आणि ह्याच्यावर साडूंनी सबंध संसार रचला. माझी मुलगी कॉलेजात जाते. तिने एकदा मोबाईलवर बघून त्यांना सांगितलं, "काका, डॅझलिंग म्हणजे एकदम भारी, देखणं, झकास. साडीच्या जाहिरातीत असतं." साडूंनी मोबाईल हातात घेऊन वाचल्यासारखं केलं, परत दिला आणि म्हणाले, "भारी असंल गं पोरी. पर भारी कुणाला, तर लांबून बघणाऱ्याला. समोरनं गाडी घिऊन येणाऱ्याला इचार एकदा." पोरगी गप्प बसली. तिला गप्प बसवणारा घरात दुसरा कुणी नाही, त्यामुळे मला त्या दिवशी साडूंचा अभिमान वाटला.

जुन्या काळी गाड्यांच्या हेडलाईटला वरच्या अर्ध्या भागात काळा रंग फासत, समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. रिटायर झाल्यावर साडू ज्याला त्याला अर्धं काळं करत सुटले. पुतण्याच्या नव्या मोटारसायकलचा दिवा काळा केला. घरातल्या आरशाचा वरचा भाग काळा केला, कारण सकाळी ऊन त्यावर पडून समोरच्या घरात चूल पेटवणाऱ्या बाईच्या डोळ्यांवर जातं, अशी त्यांची तक्रार होती. त्या बाईची नव्हती. एका लग्नात मी नवेकोरे हॅलोजन लावले होते. जेवणाच्या पंगतीतून उठून बघतो तर सगळ्या हॅलोजनना अर्ध्यापर्यंत काळी टेप चिकटवलेली, आणि साडू शिडीवरून उतरतायत. नवरीकडची माणसं माझ्यावर धावून आली. साडू त्यांना शांतपणे म्हणाले, "आता नवरी दिसाय लागली का न्हाई, बगा." आणि खोटं कशाला बोलू, दिसायला लागली होती.

दुसरी खोड डाव्या बाजूची. रस्त्याने चालताना डावीकडून, जीपमध्ये बसले तर डाव्या खिडकीला, आणि कुणी जरा डोळ्यात भरेल असा समोर आला की ह्यांची मान डावीकडे. ह्यामुळे आमच्या कुटुंबात एकाही लग्नाचा फोटो धड नाही. फोटोवाला घसा कोरडा करून "काका, हिकडं, हिकडं" म्हणत राहतो, आणि फ्लॅश पडायच्या वेळी साडूंची मान डावीकडे वळतेच. फ्लॅश म्हणजे त्यांच्या लेखी डॅझलिंगच. त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही तेच. आक्का शेजारी नऊवारीत, कॅमेऱ्याकडे भेदरून बघतायत, आणि मुंडावळ्या बांधलेला नवरदेव भलतीकडेच बघतोय. आक्का तो फोटो सगळ्यांना दाखवत आणि म्हणत, "ह्यो माणूस माज्या लग्नाला आल्ता का दुसऱ्या कुणाच्या, त्ये मला अजून ठावं न्हाई." सगळे हसत. साडूही हसत, तेही डावीकडे बघून.

पण हे सगळं खुळ्यात काढण्यासारखं नव्हतं. मध्यंतरी पानशेतच्या बाजूने जमिनी घेणारा एक जण डोंगरात आला. पांढरी गाडी, पांढरे कपडे, पांढरे बूट, बोलणं असं की साखर ओशाळावी. त्याने देवळात सगळ्यांना जेवण दिलं, म्हाताऱ्यांच्या पाया पडला. गाव त्याच्याकडे बघतच राहिलं. साडू एकटे त्याच्या डाव्या बाजूला उभा असलेला, कुणाशीच न बोलणारा बारका माणूस बघत होते. त्या माणसाच्या काखेत कागदांचा गठ्ठा होता आणि शाईचं पॅड आधीच उघडून ठेवलेलं होतं. साडू उठून म्हणाले, "बाबांनो, ह्यो डॅझलिंग हाय. येग कमी करा." लोकांना वाटलं, साडूंनी पाहुण्याची तारीफ केली. पाहुण्यालाही तसंच वाटलं. त्याने हात जोडले. त्या बैठकीत सह्या केलेल्यांपैकी दोघे आज आपल्याच जमिनीवरच्या बंगल्यांना राखणदार आहेत आणि शनिवार-रविवार फाटक उघडतात. साडू त्या रस्त्याने गेले की उतरून त्यांच्याजवळ बसतात. त्या विषयावर बोलत मात्र नाहीत.

तर दहाव्यांबद्दल. रिटायर झाल्यावर हे दहाव्याला का बोलायला लागले, ह्याचं उत्तर एका ओळीचं आहे. एकतीस वर्षं त्यांनी सगळ्या खोऱ्याला गाडीतून नेलं-आणलं. कोण कुणाच्या दवाखान्याला गेलं, कोण रडत परत आलं, कुणी दुसऱ्याच्या पोराला मांडीवर घेतलं, हे सगळं त्यांनी केबिनमधल्या आरशात बघितलेलं. त्यामुळे बाकीचे वक्ते हसतमुख-मनमिळाऊ करत बसायचे तेव्हा साडू उठून म्हणायचे, "ह्यो माणूस गाडीत कधी म्हाताऱ्या माणसाला जागा द्यायचा न्हाई. पर उतरताना सगळ्यांच्या पिशव्या उतरवून द्यायचा." एवढंच, आणि खाली बसायचे. रडणाऱ्या बायका हे ऐकून आणखी जोरात रडायच्या, कारण ते खरं असायचं. मी आवाज थोडा चढवायचो.

आणि कधीतरी, फार क्वचित, ते तो शब्द काढत. अकरा वर्षांत तीनदा. एकदा डोंगरावरच्या धनगरवाड्यातल्या सुइणीसाठी. ती म्हातारी बाळंतिणीच्या नवऱ्यापासून सासूपर्यंत सगळ्यांना काठीने घराबाहेर काढायची आणि तिच्या डोळ्याला डोळा देण्याची कुणाची टाप नव्हती. एकदा एका शाळामास्तरसाठी. तिसऱ्यांदा भजनात गाणाऱ्या एका बुवासाठी. बुवाचा आवाज असा, की ऐकणाऱ्याचे डोळे आपोआप मिटत. साडू उठले आणि म्हणाले, "ह्यो माणूस डॅझलिंग व्हता." लोकांच्या माना डोलल्या. मग म्हणाले, "ह्याच्या उजेडात ह्याची बायकू आन् पोरं सोळा वरसं उपाशी व्हती, ती कुणालाच दिसली न्हाईत. मलाबी उशिरा दिसली. म्या बी गाणंच आयकत बसलो." बुवाच्या बायकोने पदर तोंडाला लावला. मी अॅम्प्लिफायरच्या बटणावर बोट ठेवून नुसता बसलो. चढवू का उतरवू हेच समजेना.

पण लोकांनी त्यातून काय उचललं? लोकांनी फक्त शब्द उचलला. साडू डॅझलिंग म्हणाले म्हणजे मयताला मोठा मान मिळाला, अशी समजूत खोऱ्यात पसरली. मयताच्या घरचे मला फोन करायला लागले. खुर्च्या किती, कर्णे किती, आणि मग आवाज खाली आणून, "आन् तेवढं तुमच्या साडूंना सांगा, आमच्या आबांना डॅझलिंग म्हणाया." एकाने तर नसरापुरात चौकात फ्लेक्स लावला: 'डॅझलिंग व्यक्तिमत्त्वास भावपूर्ण श्रद्धांजली.' साडूंनी तो एसटीच्या खिडकीतून बघितला, गाडी थांबवून उतरले आणि त्या घरी गेले. मी बरोबर होतो, म्हणून ठाऊक. ते त्या पोरांना म्हणाले, "तुमचा बाप साधा माणूस व्हता. त्याच्याकडं कवा बी बघता यायचं. त्यो फलक काडा, त्याच्यावर अन्याव व्हतोय." पोरांनी आम्हाला दारातून हाकललं. खुर्च्यांचं कामही दुसऱ्याकडे गेलं, आणि मी घरी येऊन बायकोवर ओरडलो, कारण तिच्याच माहेरच्या नात्याने हा माणूस माझ्या गळ्यात पडला होता.

आता आक्का. आक्कांबद्दल लिहायला हात वळत नाही, कारण लिहिण्यासारखं त्यांनी काही केलं नाही. पहाटे तीनला उठून डबा केला, भात लावला, भात कापला, सासू-सासऱ्यांचं केलं, दोन मुली वाढवून दिल्या घरी धाडल्या. माणसात बसल्या तर दाराशी बसत. त्या खोलीतून उठून गेल्या तरी कुणाच्या लक्षात येत नसे. चहा आला नाही की मग यायचं. गेल्या वर्षी त्यांच्या पोटात गाठ निघाली. पुण्याला नेलं, दोनदा नेलं, मग डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. घरी न्या म्हणजे काय, ते सगळ्यांना समजतं.

मी भेटायला गेलो तेव्हा साडू म्हशीला पाणी दाखवायला गेले होते. आक्का अंथरुणावर बसून तांदळातले खडे काढत होत्या. पडून राहायला सांगितलेलं असताना. इकडचं तिकडचं झालं. मग हसत म्हणाल्या, "पावनं, ह्यांनी त्या सुइनीला त्यो शबुद म्हणला. मास्तरला म्हणला. त्या बुवाला बी म्हणला. बायका नदीवर बोलत्यात. बेचाळीस वरसं झाली, मला काय कदी म्हणलं न्हाईत."

मी आपला धीर द्यायला गेलो आणि तोंडातून निघून गेलं, "म्हणतील की आक्का, दहाव्याला म्हणतील."

कुठल्या मढ्याच्या तोंडाने बोललो, देव जाणे. दिवसरात्र दहाव्यात वावरणाऱ्या माणसाच्या जिभेला हाड राहत नाही, दुसरं काय. आक्का मात्र इतक्या हसल्या की सुपातले तांदूळ सांडले. डोळे पुसून म्हणाल्या, "मग तेवडं करा. माईक तुमचाच हाय. त्यांच्या हातात देताना सांगा, म्हणावं येकदा म्हणा. म्या आयकीन झाडावरनं." मी शब्द दिला. तांदूळ वेचून सुपात भरले आणि गुमान खाली उतरलो. त्यानंतर अठरा दिवसांनी आक्का गेल्या.

दहावा कानंदीच्या काठी झाला. कर्णे मी स्वतः बांधले. सगळं खोरं लोटलं होतं, कारण साडू स्वतःच्या बायकोबद्दल काय बोलतात हे सगळ्यांना ऐकायचं होतं. दुसऱ्यांच्या दुःखात आपली माणसं येतात ती थोडी प्रेमाने आणि बरीचशी उत्सुकतेने, हे मी खुर्च्या मोजून सांगू शकतो. गुरुजींनी पिंड मांडला. समोर उंबरावर पाच-सहा कावळे होते. ते पिंडाकडे बघत, एकमेकांकडे बघत, आणि बसून राहत. अर्धा तास गेला. मग आपल्याकडे जे होतं ते सुरू झालं. थोरली मुलगी पुढे होऊन म्हणाली, "आई, म्हस इकणार न्हाई." कावळा हलला नाही. धाकटी म्हणाली, "आई, म्या दर म्हैन्याला येईन, बाबांचं बघीन." कावळा हलला नाही. एका भावकीवाल्याने बांधाचं भांडण मिटवायचं कबूल केलं. आक्कांचा त्या बांधाशी काही संबंध नव्हता, पण दहाव्याला माणूस घाबरून काहीही कबूल करतो. कावळे जसेच्या तसे.

मला एकट्याला माहीत होतं, कावळा कशासाठी थांबलाय. मी माईक घेऊन साडूंकडे गेलो. ते नदीच्या दगडावर बसले होते, नवा पांढरा सदरा, मुंडन केलेलं डोकं, खिशात ती लाल वही. मी कानाशी वाकून म्हणालो, "दाजी, आक्कांनी मला सांगितलं व्हतं. त्यांना तुमच्या तोंडनं त्यो शब्द ऐकायचा व्हता. तेवढीच इच्छा व्हती. एकदा म्हणा." साडूंनी माझ्याकडे बघितलं, सरळ, समोर. माझ्या आठवणीत तरी पहिल्यांदाच. मग माईक घेतला, उठले. माणसं पुढे सरकली. खोटं सांगत नाही, उंबरावरचा एक कावळासुद्धा खालच्या फांदीवर येऊन बसला.

साडू म्हणाले, "ही बाई डॅझलिंग नव्हती."

ओठ हलले, पण पुढचं काही आलं नाही. त्यांनी माईक माझ्या हातात दिला आणि परत दगडावर जाऊन बसले. दोन्ही कर्ण्यांतून नुसती खरखर ऐकू येत होती, ती बंद करायचं मला सुचलं नाही. मागून कुणीतरी बाई म्हणाली, "मेलेल्या बाईला तरी." कावळा परत वर गेला. उन्हं चढली, तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला. लोक जेवायला बसले आणि भाजीपेक्षा त्याचीच चर्चा जास्त झाली. मी खुर्च्या भरल्या, तारा गुंडाळल्या, आणि साडूंना न सांगता निघून आलो. मला इतका राग आला होता, की वाटेत मी गाडी दोनदा थांबवली. एक शब्द. फुकटचा. पांढऱ्या बुटाच्या माणसाला दिला होता, बायकोला दिला नाही.

पाच महिने मी पासलीला गेलो नाही. साडू दहाव्यांना येईनासे झाले, त्यामुळे गाठही पडली नाही. लोक हसतमुख-मनमिळाऊ ऐकून घरी जात. शेवटी बायकोने जेवणाचं ताट पुढ्यात ठेवता ठेवता सांगितलं, "दाजी चूल पेटवत न्हाईत. शेजारची सांगत व्हती, चार-चार दिस चुरमुऱ्यावर असत्यात. उद्याच्याला घिऊन या त्यांना, न्हाईतर म्या जाते." तेव्हा गेलो. पहाटे निघून पोचलो तर ते अंगणात पिशवी भरून तयार बसले होते. कुणी सांगितलं होतं म्हणून नव्हे. म्हणाले, रोजच सकाळी असं बसतो. मी पिशवी उचलून माझ्या टेम्पोत ठेवली. ते चढले, डाव्या खिडकीला.

वेल्हं मागे पडलं आणि रस्ता उगवतीकडे वळला. सूर्य नुकता डोंगराच्या वर आलेला, थेट काचेवर. काचेवरची सगळी धूळ पेटल्यासारखी झाली. मला समोरचा रस्ता दिसेना, मी डोळे बारीक करून पुढे वाकलो.

"समोर नगा बघू," साडू म्हणाले. "येग कमी करा. कडंला बगा."

मी गाडी हळू केली. पाच महिने पोटात ठेवलेलं आता तोंडाशी आलं. म्हणालो, "दाजी, एक शब्द व्हता. काय गेलं असतं तुमचं?"

साडू खिशावर हात ठेवून म्हणाले, "तिनं मलाबी इचारलं व्हतं पावनं. शेवटच्या आठवड्यात. म्या न्हाई म्हणलं. ती म्हणली, का वं? मला सांगता आलं न्हाई. तितं नदीवर बी सांगता आलं न्हाई. आमचा कुठला बी फोटू काडा. त्यात म्या कुठं बघतुय?"

"डावीकडं," मी म्हणालो.

"आन् तितं कोण बसलंय?"

मी गाडी चालवत होतो. तो लग्नाचा फोटो मी शंभरदा बघितला असेल, आणि हसलो असेन. नवरदेव भलतीकडे बघतोय म्हणून हसलो. बायको नवऱ्याच्या डाव्या हाताला बसते, हे मला काय ठाऊक नव्हतं? दीडशे लग्नांचे मंडप घातलेत मी.

"लोकं आली, गेली," साडू म्हणाले. "कोण लई मोटी, कोण लई वाईट. लेकी लांब गेल्या. रिटायर झालो तवा तर सगळंच गरगरलं. म्या तिच्याकडं बघत गाडी काडली. तिच्याकडं कवा बी बघता यायचं. तिला डॅझलिंग म्हणून खोटं बोलून कसं वाटंला लावू?"

आक्कांनी हे ऐकायला हवं होतं, असं फार वाटलं. तो शब्द त्यांना मिळाला असता तर कावळा उतरला असता, आणि हे उत्तर मिळालं असतं तर त्या कदाचित शांतपणे गेल्या असत्या. दोन्ही राहिलं. साडूंना बोलायला पाच महिने उशीर झाला, आणि मला विचारायलाही तेवढाच.

पुढच्या वळणावर ऊन पुन्हा सरळ डोळ्यांवर आलं. साडूंनी सवयीने मान डावीकडे वळवली. तिकडे खिडकी होती. बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले, आणि मग हळू आवाजात विचारलं, "पावनं, तुमाला दिसतीया का कड?"

"दिसतीय की दाजी."

"मग जावा तुमी नीट," ते म्हणाले. "मला काय दिसंना."